मोटरहोमच्या मागे मल्लखांब

मराठी माणूस मोटरहोम बघायला आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मायलेज काय देते?" ह्यूस्टनच्या पश्चिमेला, हायवेला लागून असलेल्या एका दुकानात मी कितीतरी वर्षं मोटरहोम विकल्या, आणि या प्रश्नाचं उत्तर मला एकदाही हसू दाबल्याशिवाय देता आलं नाही. अहो, तुम्ही स्वयंपाकघर, न्हाणीघर, डबलबेड आणि पाण्याची भरलेली टाकी घेऊन रस्त्यावर निघणार. त्या घराला मायलेज कसलं विचारताय? पण विचारायचे. मग मी आकडा सांगायचे, समोरचा नवरा बायकोकडे बघायचा आणि बायको पर्समधली गोळी काढून तोंडात टाकायची.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याची ऑइल कंपनीतली नोकरी गेली तेव्हा हातपाय हलवणं भाग होतं, म्हणून या दुकानात फोन घ्यायला लागले. आमचे मालक डॉन यांच्या लक्षात आलं की ही बाई फोनवरच्या माणसाला दुकानापर्यंत आणते, तेव्हा त्यांनी मला विक्रीत घेतलं. आधी त्यांच्या वर्कशॉपमधल्या फोरमनकडून दुकानातली प्रत्येक गाडी चालवायला शिकवली. साडी नेसून चाळीस फुटी गाडी मागे घेतानाचा माझा फोटो नागपूरला गेला आणि सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिल्या, "सून तिकडे ट्रक विकते." मला त्याचा राग कधी आला नाही. खरं सांगायचं तर थोडा तोराच होता.

बाहेरच्यांसाठी धंद्यातली दोन अक्षरं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोटरहोम दोन जातींच्या, गॅसच्या आणि डिझेलच्या. इथे गॅस म्हणजे पेट्रोल. स्वयंपाकाचा सिलिंडरही गाडीत असतो, पण त्याच्यावर चहा होतो, गाडी चालत नाही. डिझेलच्या मोठ्या गाडीचं इंजिन मागे असतं. ती दमदार, शांत आणि महाग. गॅसच्या गाडीचं इंजिन पुढे, ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध, एका झाकणाखाली. चढ लागला की ते झाकण तापतं आणि इंजिन किंचाळायला लागतं. बिघडलं तर मात्र कुठल्याही गावातला मेकॅनिक त्याला हात लावू शकतो.

आता मागे ट्रेलर ओढायचा असेल तर लोक एकच आकडा बघतात. गाडीच्या मागे हिच असते, म्हणजे ट्रेलर जिथे अडकवतात ती लोखंडी जोडणी. तिच्यावर लिहिलेलं असतं, पाच हजार पाउंड. झालं, लोक खूश. पण गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल याचीही एक हद्द असते, आणि ती कुणी वाचत नाही. घरात जास्तीचं जे जे भराल, ते ट्रेलरच्या तोंडचं काढून घेतं. आणि आपली माणसं काय भरतील याचा नेम नाही. कणकेची पोती, दोन कुकर, इडलीपात्र, शिवाय "तुम्ही जाताच आहात तर एवढं आमच्या भाचीला द्या" म्हणून ओळखीच्या चार घरांतून आलेले डबे. आपल्यात निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं कुणी जाऊ देत नाही. ते वजन कुठल्याच कंपनीनं धरलेलं नसतं, म्हणून मी मराठी गिऱ्हाइकासाठी मनातल्या मनात वेगळं धरायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. दूर पूर्वेकडच्या मॉरिसव्हिलचा एक मूळचा पुण्याचा मुलगा तीन महिने मला व्हिडिओ कॉल करत होता. त्याच्याकडे प्रत्येक गाडीचा तक्ता होता, रीसेलपासून टायरच्या वयापर्यंत. शेवटी तो बायकोला घेऊन विमानानं आला. ती गाडीत चढली, बेडवर आडवी झाली आणि म्हणाली, "यार, पाय बाहेर जातायत. कॅन्सल कर." झालं कॅन्सल.

आणि एक लोरेन होती, टेक्सासचीच, गुरांच्या मोठ्या कुरणावर वाढलेली विधवा बाई. तिला तिचं म्हातारं गाढव बरोबर न्यायचं होतं. मी तिला सोफे आणि पडदे दाखवायला लागले तर म्हणाली, "हनी, मला आधी मागचं विचार. पुढचं घर कसंही चालेल." तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारू लागले, मागे काय न्यायचंय? बोट, मोटारसायकल, नातवंडांच्या सायकली. माणूस घर निवडतो ते दहा लोकांना विचारून, पण मागे जे ओढतो ते त्याचं स्वतःचं असतं.

भालूकाका सबनिसांना मी हा प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, "मल्लखांब."

ह्यूस्टनला लागूनच्या शुगर लँडमध्ये भालूकाकांना ओळखत नाही असं मराठी घर सापडणार नाही. मूळचे मिरजेचे, रिफायनऱ्यांच्या पाइपांची गणितं करून निवृत्त झालेले इंजिनिअर. सत्तरी गाठलेली, पण पाठ अशी ताठ की शेजारी उभं राहिलं तर आपण आपोआप पोट आत घ्यावं. शाळेत असताना ते मल्लखांब खेळायचे. निवृत्तीनंतर त्यांनी मिरजेहून शिसवी खांब मागवला, परसात उभा केला आणि आजूबाजूची मुलं गोळा केली. शनिवारी सकाळी दहाबारा पोरं बनियन घालून रांगेत उभी असायची. शैलाकाकू त्यांना पोहे करून घालायच्या.

मग त्यांच्या कॉलनीची असोसिएशन आडवी आली. इथे घर आपलं असलं तरी परसात काय उभं करायचं ते असोसिएशन ठरवते. कमिटीतल्या एक बाई येऊन खांबाभोवती दोन फेऱ्या मारून गेल्या. हा झेंड्याचा आहे का, धर्माचा आहे का, मग नेमका कशाचा आहे, असं विचारून त्यांनी तो काढायला लावला. काकांनी समजावलं, एक मुलगा वर चढवून दाखवला. त्यानं तर बाई आणखीच घाबरल्या.

"म्हणून ठरवलं," काका माझ्या टेबलापलीकडे बसून म्हणाले, "खांबाला चाकं लावायची. जिथे पोरं, तिथे आपण. वर उत्तरेत शॉमबर्गला मराठी मंडळ तयार आहे, मॉरिसव्हिलला आमचा मुलगा अजय आहे. मधली गावं आहेत. तिथल्या पोरांना तर कुणीच नाही. अलका, मला मायलेज सांगू नकोस. टोइंग सांग, मागे किती ओढेल ते."

मायलेज न विचारणारं माझं पहिलं मराठी गिऱ्हाईक. मी तिथल्या तिथे त्यांच्या प्रेमात पडले.

त्यांना डिझेलची हवी होती. इंजिनिअरला ताकदीचा आकडा दिसला की तो विरघळतो. पण मी त्यांना गॅसची घ्यायला लावली आणि आजही लावीन. काकांचे मुक्काम शाळांच्या आणि मंदिरांच्या पार्किंगमध्ये व्हायचे होते. तिथे ती लांबलचक डिझेल गाडी वळवता आली नसती. काकूंचे गुडघे दुखायचे आणि या गाडीला चढायला पायऱ्या कमी होत्या. आडगावात बंद पडली तरी दुरुस्त झाली असती. ओढायचं वजनही हद्दीत बसत होतं, जेमतेम का होईना. फक्त काकूंना मी आधीच सांगितलं, "काकू, चढावर ही ओरडते हं."

"ओरडू दे," काकू म्हणाल्या. "मला सवय आहे."

काका हसले नाहीत. मी हसले.

शैलाकाकू म्हणजे गोऱ्या, बुटक्या, सतत काहीतरी निवडत किंवा सोलत असलेल्या. कुठेही गेल्या तरी पिशवीत संत्रं असायचं. चाळीस वर्षं त्यांनी काकांच्या शेजारच्या सीटवर बसून संत्री सोलली, हायवेवरून उतरायचे एक्झिट सांगितले आणि डुलकी येऊ नये म्हणून काकांशी गप्पा मारल्या. स्वतःची छोटी गाडी त्या भाजीला आणि लायब्ररीत न्यायच्या. दोघं बरोबर असले की मात्र चाक काकांच्या हातात. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक घरांत हे असंच होतं, आणि त्यात काही ठरवलं गेलंय असं कुणाला वाटतही नव्हतं.

गाडी ताब्यात द्यायच्या आधी आम्ही सगळा लवाजमा भरून एक चक्कर मारायचो. काकांनी ट्रेलर स्वतः भरून आणला. हायवेच्या बाजूच्या रस्त्याला लागलो, जरा वेग घेतला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी हळू, मग चांगलाच. मागे सोफ्यावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, कुणीतरी मागून ओढतंय." मी काकांना पाय उचलायला सांगितला, ब्रेक लावू नका म्हटलं, आणि गाडी हळूहळू शांत झाली.

कडेला घेऊन ट्रेलर उघडला तर दारातच खांब, आणि खांबाची लोखंडी बैठक. खांब तसा फार जड नव्हता. जड होती ती बैठक आणि तिच्यावर ठेवायची वजनं. ते सगळं शेवटच्या टोकाला आणि हलक्या गाद्या पुढे. ट्रेलर भरताना जड सामान चाकांच्या थोडं पुढे ठेवायचं असतं, म्हणजे त्याचं नाक हिचवर दाबून बसतं. मागे जड झाला की त्याचं नाक उचललं जातं आणि तो पुढच्या गाडीलाच हलवतो. हे आमच्याकडे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. आणि हे तर पाइपांची गणितं केलेले इंजिनिअर.

"काका, तुम्हाला हे कळत नाही असं कसं म्हणू मी?"

"कळतं," ते म्हणाले. "पण शाळेतल्या आमच्या मल्लखांबाच्या सरांनी सांगितलंय. खांब सगळ्यांच्या शेवटी आत जातो आणि सगळ्यांच्या आधी बाहेर येतो. त्याला नमस्कार करायचा, मग बाकीचं सामान. त्याच्या अंगावर गाद्या टाकून त्याला कोपऱ्यात नाही ढकलायचं."

सर जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील. पण काका असे बोलत होते की जणू ते मागच्या गाडीतून येतायत. मी वाद घातला नाही. गिऱ्हाइकाच्या देवाशी वाद घालणारा विक्रेता टिकत नाही. आम्ही दुकानात परत आलो, फोरमनला बोलावलं आणि सगळा ट्रेलर रिकामा केला. बैठक आणि वजनं पुढे, पट्ट्यांनी जमिनीला आवळलेली. गाद्या मागे. आणि खांब भिंतीला लांबीनं टेकवून, जाड बूड पुढे आणि वरचं गोल बोंड बरोबर दाराशी. दार उघडलं की पहिला हात बोंडाला लागणार, आणि खांब सरळ बाहेर ओढता येणार.

काकांनी दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. बोंडाला हात लावून तो छातीला लावला. "चालेल," म्हणाले. "सरांनाही चालेल." नंतर ट्रकच्या काट्यावर वजन केलं आणि सगळं हद्दीत बसलं. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगते.

त्याच संध्याकाळची दुसरी गोष्ट मात्र मला टोचत राहते.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. जोडपं असेल तर किल्ली देण्याआधी दोघांनी गाडी चालवायची, ट्रेलरसकट. एकाला रस्त्यात चक्कर आली तर दुसऱ्याला निदान कडेला घेता यावी. मी काकूंना बोलावलं. त्यांनी हातातलं संत्रं पिशवीत ठेवलं, हात पुसले आणि सीटवर बसल्या. मागच्या रिकाम्या मैदानात आम्ही नारिंगी शंकू लावलेले असतात. काकूंनी गाडी त्यांच्यामधून सुरेख नेली. पुरुष बहुतेक पुढे बघतात. काकू आरशात बघत होत्या, ट्रेलर कुठून वळतोय ते. अशी नजर मला फार थोड्यांत दिसली.

काका बाहेरून बरोबर चालत होते. "अगं, ब्रेक! डावीकडे! अगं, शंकू बघ!" शंकू जागच्या जागी होते. तिसऱ्या वळणावर काकूंनी गाडी थांबवली आणि खाली उतरल्या. "पुरे," म्हणाल्या. "हेच चालवतील."

"काका, शनिवारी आमचे एक ट्रेनर असतात. दोन तासांत काकू पक्क्या तयार होतील," मी म्हटलं.

"बघू," काका म्हणाले. मराठीत 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

निघताना काकू माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "जमलं का गं मला?"

"उत्तम जमलं, काकू."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. मग त्या जाऊन आपल्या सीटवर बसल्या.

पुढचे तीन उन्हाळे भालूकाका फिरले. मला फोन यायचे, फोटो यायचे. शॉमबर्गच्या एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये खांब उभा आहे, भोवती निळ्या गाद्या, आणि एक दात पडलेली मुलगी खांबाला मिठी मारून उलटी लटकते आहे. खाली काका दोन्ही हात पुढे करून उभे. कुठल्याशा छोट्या गावात मराठी घरं दोनच होती, तर शेजारची मेक्सिकन मुलं आली आणि काकांनी त्यांना मराठीतच आकडे मोजायला शिकवलं. टेनेसीच्या डोंगरातून एकदा घाबऱ्या आवाजात फोन आला, "अलका, इंजिन किंचाळतंय!" मी म्हटलं, किंचाळू द्या, त्याचा स्वभावच तो. उतरताना खालचा गिअर टाका आणि ब्रेक जपून वापरा. मागून काकूंचा आवाज आला, "मी सांगतच होते, ती म्हणाली होती ओरडेल म्हणून."

मॉरिसव्हिलला मुलाकडे, अजयकडे, त्यांचा मुक्काम मोठा असायचा. नातू आरुष आधी खांबाकडे फिरकत नसे. दुसऱ्या उन्हाळ्यात तो चढायला लागला. त्या दिवशी काकांनी मला दुकानात फोन केला तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. काकूंनीच फोन घेऊन सगळं सांगितलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात काकूंचा एक फोन वेगळा आला. आवाज दबका. "हे हल्ली बोर्ड वाचत नाहीत गं. मला विचारतात, पुढचा एक्झिट कुठला. आधी वाटलं, सवयीनं विचारतायत. काल हे डोळे बारीक करून बघत होते. आरुष मागून म्हणाला, 'आजोबा, यू आर स्क्विंटिंग. लेट आजी ड्राइव्ह.' तर त्याच्यावर ओरडले."

मी काकांशी बोलले. डोळे दाखवा म्हटलं. आणि तिथे मॉरिसव्हिलजवळही शिकवणारे आहेत, मी त्यांच्याशी बोलते, काकूंना दोन दिवस बसवा. अर्धं अंतर त्या चालवतील.

"अगं, मागे ट्रेलर आहे. हिचं काम नाही ते."

"काका, मी रोज तेच करते."

"तुझी गोष्ट वेगळी," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "बघू."

ते शुगर लँडला नीट परत आले. काकूंनी वाटभर बोर्ड वाचले आणि काकांनी चाक धरलं. इथे डॉक्टरांनी डोळे तपासले, नजरेचा मधला भाग जात चालला होता आणि तो परत येणार नव्हता. त्यानंतर गाडी जागची हलली नाही. पुढच्या वर्षी काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, "आमची गाडी परत घ्याल का?"

आमच्या धंद्यात हे दुःख कुणी बोलून दाखवत नाही. आम्ही विकलेलं बहुतेक घर कधी ना कधी आमच्याकडेच परत येतं. फ्रिजवर लोहचुंबक तसेच असतात, कपाटात एखादा चमचा राहिलेला असतो. गाडी तपासायची, भाव करायचा आणि रिकामी करून पुन्हा रांगेत लावायची. सगळ्यांशी हसून बोलायचं. मला ते कधीच नीट जमलं नाही. सबनिसांची गाडी आली तेव्हा आतून मोहरीच्या फोडणीचा वास येत होता आणि मागच्या हिचचा गोळा सगळा रंग जाऊन चकचकीत झाला होता. तो गोळा मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक.

काका खुर्चीवर बसले होते. ते आता माणसाकडे थोडं बाजूनं बघायचे, कडेकडेनं दिसायचं म्हणून. काकू काठी टेकत गाडीतले खण रिकामे करत होत्या. मी मूर्खासारखं बोलून गेले, "काकू, आता शिकता येईल ना? मी शिकवते."

"आता?" त्यांनी पायाकडे बोट दाखवलं. "हा पाय ब्रेकवर ठेवू? आणि शेजारी कोण बसणार, हे? यांना आरसा दिसत नाही, मला रस्ता झेपत नाही." मग त्या एक डबा पुसत, जराही न रागावता म्हणाल्या, "अलकानं सांगितल्यावर तुम्ही खांबाची जागा बदललीत. सरांनी सांगितलेली जागा. माझी तेवढी नाही बदललीत."

  काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि दुसरा डबा घेतला.

तेवढ्यात एक जोडपं तीच गाडी बघायला आलं. गॅसची होती, वजनाच्या हद्दीत वापरलेली होती, मागे ट्रेलर ओढायची सोय होती. त्यांना त्यांच्या मोटारसायकली न्यायच्या होत्या. बाई सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढली आणि सीट पुढेमागे करून बघायला लागली. काकांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवून इंग्रजीत विचारलं, कोण चालवणार? बाई म्हणाली, "ओह, आम्ही दोघं. तो थकला की मी, मी थकले की तो." काका म्हणाले, "गुड."

ते आत गेल्यावर काका माझ्याकडे वळले. "गावोगावच्या पोरांना शिकवत हिंडलो, अलका. भाषा न कळणाऱ्या पोरांना शिकवलं. ही शेजारी बसली होती, रोज. हिला शिकवायचं राहिलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला त्यांना रुमाल सापडेना, तेव्हा काकूंनी पिशवीतून काढून दिला. "आरुष आणखी दोन उन्हाळे चढला असता. त्या शॉमबर्गच्या मुलीला खांबावरचा दसरंग शिकवायचा होता. सगळं राहिलं, आणि कशापायी, तर चाक माझ्या हातात पाहिजे म्हणून."

मला खूप बोलायचं होतं. की तुमचं चुकलं तरी तुम्ही एकटेच नाही. मी विकलेल्या शंभर गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या, इथे उजवीकडच्या, सीटवर अशीच एकेक काकू बसलेली मी पाहिली आहे, पायाशी पिशवी, हातात संत्रं, आणि आरशातलं सगळं कळणारी. पण त्या माणसाला तेव्हा सोबत नको होती.

गाडी त्या जोडप्यानं घेतली. ट्रेलरही घेतला. खांब त्यांना नको होता. सबनीस शुगर लँडचं घर विकून मॉरिसव्हिलला मुलाच्या टाउनहाउसमध्ये गेले. तिथे परस नाही आणि असोसिएशन इथल्याहून कडक. आरुष एका शाळेच्या जिममध्ये जातो, तिथे खांब लावू देत नाहीत, विम्याचं काहीतरी आहे म्हणतात. म्हणून खांब माझ्याकडे आला. माझ्याही कॉलनीत तो उभा करायला परवानगी नाही.

मी आता निवृत्त झाले. आयुष्यभर मी लोकांना जागा दाखवल्या, ही तुमच्यासाठी, ही नको, ही तुम्हाला झेपेल. आणि एका खांबाला मला टेक्सासमध्ये जागा मिळत नाही. उभं राहण्यासाठी केलेली वस्तू माझ्या गराजमध्ये भिंतीला लागून आडवी पडली आहे, आणि गाडी आत घेताना रोज तिचं बोंड दिव्यात चमकतं. महिन्यातून एकदा मी तिला एरंडेल लावते. काकांचा फोन येतो. पहिला प्रश्न तेलाचा असतो, दुसरा "उभा केलास का?" मी नाही म्हणते. मग ते काकूंना फोन देतात.

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला 'नोकरीतले गमतीदार अनुभव' लिहायला सांगितलं होतं. हे गमतीदार झालं नाही, माफ करा. पण अंक मराठी घराघरांत जातो. आणि तुमच्यापैकी कुणाकडे तरी मोकळं परस असेल, जिथे कमिटीतल्या बाई फेऱ्या मारायला येत नाहीत. तिथे चार पोरंही असतील. खांब शिसवी आहे, सरळ आहे, कुठे चीर नाही. बैठक आणि वजनं बरोबर मिळतील. ट्रेलरमध्ये कसं भरायचं ते मी दाखवीन, बूड पुढे, बोंड दाराशी. पैसे नकोत.

काकांनी एकच अट घातली आहे आणि ती ते प्रत्येक फोनवर मला पुन्हा सांगतात. न्यायला नवराबायको दोघांनी यायचं. आणि जाताना, मागे खांब असताना, गाडी तिनं चालवायची.